ग्राफिक्स कार्ड: बदलायचं कधी आणि मोजायचे किती

ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'तीस हजारांत कुठलं येईल?' खरं तर या प्रश्नाचा नंबर तिसरा. त्याआधी दोन गोष्टी घरीच तपासायच्या असतात. अडतंय ते कार्डामुळेच का? आणि नव्या कार्डाचा भार आपल्या एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) आणि यूपीएसला पेलेल का? हे न बघता सांगलीहून थेट पुण्याच्या गाडीत बसलं की कार्ड येतं, पण गेम तिथंच अडखळतो. मग घरातले विचारतात, 'एवढे पैसे कशाला घातले?'

लॅपटॉपवाल्यांना आधीच सांगून टाकू. लॅपटॉपमधलं कार्ड जवळपास नेहमी बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, बदलता येत नाही. पुढचं सगळं डेस्कटॉपसाठी आहे.

पायरी १: दोष कुणाचा ते बघा

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर टाका. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. सोबत आकडे गेमवर दाखवणारं रिव्हाट्यूनर येतं, तेही टाका. सेटिंगमधल्या मॉनिटरिंगमध्ये जीपीयूचा (कार्डाच्या मुख्य चिपचा) वापर, तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग), कार्डाच्या मेमरीचा वापर, प्रोसेसरचा वापर, रॅम आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) एवढ्यांना स्क्रीनवर दिसायची परवानगी द्या. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, नाहीतर सगळे आकडे फसवे येतात. आता जिथं गेम अडखळतो त्याच जागी वीस मिनिटं खेळा आणि बघा.

जीपीयूचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल आणि फ्रेम कमी पडत असतील, तर कार्डच कमी पडतंय. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरीही फ्रेम कमी असतील, तर संशय प्रोसेसरवर किंवा रॅमवर घ्या. खात्री करायची सोपी युक्ती आहे. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दोषी. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर दोषी, आणि तिथं चाळीस हजारांचं कार्ड घातलं तरी आकडा हलणार नाही.

तिसरा प्रकार बरेच जण ओळखत नाहीत. सरासरी फ्रेम छान असतात, पण कॅमेरा फिरवला की झटका बसतो. अशा वेळी कार्डाच्या मेमरीचा आकडा बघा. ४ किंवा ६ जीबी गच्च भरली असेल, तर कार्ड राहिलेला माल रॅममध्ये ठेवतं आणि तिथून पुन्हा ओढून आणतं. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारकावा) एक पायरी खाली करा. झटके गेले, तर तुम्हाला वेगापेक्षा जास्त मेमरीची गरज आहे, आणि खरेदीचा हिशोबच बदलतो.

चौथं म्हणजे तापमान. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि बंद खोलीत भिंतीला चिकटलेल्या कॅबिनेटमधलं कार्ड ८५ अंशांच्या आसपास पोचलं की स्वतःहून क्लॉक खाली आणतं. लोक म्हणतात 'कार्ड म्हातारं झालं'. पुष्कळदा ते नुसतं धुळीनं भरलेलं असतं. सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला राहत असाल तर हीटसिंकमध्ये (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) हळदीची पिवळी धूळसुद्धा सापडेल. ब्लोअरनं हवा मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं पातं सुसाट फिरलं तर बेअरिंग जातं. सफाईनंतरही मुख्य तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) यांत २५-३० अंशांपेक्षा जास्त फरक दिसला, तर चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बहुधा वाळलेली आहे. ती बदलायला काही शे रुपये लागतात.

आणि हसू नका, पण मॉनिटरची केबल कुठं लावलीय ते वाकून बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असेल तर बहुतेक वेळा तुमचं कार्ड नुसतं बसून आहे. तसंच रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घाला. ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन पट्ट्या एकत्र चालण्याचा, फायदा प्रोसेसर अडत असलेल्या गेममध्ये लगेच दिसतो.

लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. टाइमलाइन अडखळते म्हणून कार्ड बदलायला निघण्याआधी कॅमेऱ्याचा फॉरमॅट बघा. १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारं) फुटेज असेल, तर एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतची कार्डं ते हार्डवेअरवर उलगडतच नाहीत. त्यामुळे जुन्या मालिकेतलं कितीही मोठं कार्ड घेतलं तरी त्रास तोच. ही सोय ५० मालिकेत आली. एचईव्हीसी (एच.२६५) फॉरमॅटमधलं असं फुटेज इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं साधं अंगभूत ग्राफिक्सही उलगडतं, म्हणजे काहींचं काम बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ते चालू करून भागतं. वालचंद कॉलेजमध्ये किंवा दुसरीकडे शिकणाऱ्या, मशीन लर्निंगचं काम करायच्या मुलांना मात्र कूडा हे एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे कार्डही एनव्हिडियाचंच. तिथं वेगापेक्षा मेमरी आधी बघायची: १२ जीबीचं जुनं आरटीएक्स ३०६० हे ८ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा उपयोगी पडू शकतं, कारण मॉडेल मेमरीत मावलंच नाही तर वेग काय कामाचा?

पायरी २: एसएमपीएसचं लेबल वाचा

कॅबिनेटचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात '४५० वॉट' लिहिलेलं असतं, त्याकडे बघू नका. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर दिलेत ते बघा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर तिथं १८ अँपिअर असा काहीतरी आकडा दिसतो. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच लाइनवर चालतात, म्हणजे तुमचा ४५० चा एसएमपीएस कामापुरता २१६ चा आहे. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर हाच गुणाकार ५०० च्या पुढे जातो.

आता कार्डाची भूक बघू. (आरटीएक्स आणि जीटीएक्स ही एनव्हिडियाची कार्डं, आरएक्स ही एएमडीची.) आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट, ५०६० ला १४५, ३०६० ला १७०, आरएक्स ६६०० ला १३२. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६-पिन केबलमधून आणखी ७५, ८-पिनमधून १५०. जीटीएक्स १६५० आणि ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० ही साधारण स्लॉटवरच भागणारी कार्डं. (१६५० ची काही मॉडेलं ६-पिन मागतात, खोक्यावर बघून घ्या.) रिफर्बिश्ड ऑफिस पीसी घेतलेल्यांना बहुधा हाच मार्ग उरतो, कारण त्यांचा एसएमपीएस खास मापाचा असतो आणि त्यात कार्डाची केबलच नसते. सॅटा किंवा मोलेक्सच्या वायरीवरून ८-पिन बनवणारा दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर मिळतो. तो लावू नका. सॅटाचा जोड अंदाजे ५४ वॉटचा. त्यातून दुप्पट-तिप्पट ओढलं की आधी प्लास्टिक मऊ होतं, मग वास येतो.

यूपीएस बहुतेकांच्या ध्यानातच नसते. दुकानातली ६०० व्हीएची यूपीएस साधारण ३६० वॉट देते. प्रोसेसर १००, कार्ड १४५, मॉनिटर २५, बाकी ५० धरले तर बेरीज ३२० झाली, आणि कार्ड क्षणभर याहून जास्तही ओढतं. एरवी काही जाणवत नाही. पण ऐन गेममध्ये लाइट गेली की यूपीएस एकदा किंचाळते आणि सगळं बंद. ओरडा मात्र कार्डाच्या नावानं होतो. उपाय दोन: १ केव्हीएची, म्हणजे ६०० वॉटच्या आसपासची यूपीएस घ्या. किंवा आफ्टरबर्नरमधून पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच घटतात, कार्ड थंड राहतं आणि फॅनचा आवाजही कमी होतो. उन्हाळ्यात हे असंही करण्यासारखं आहे.

जागा मोजायलाही विसरू नका. दोन फॅनचं कार्ड २०० ते २५० मिलिमीटर लांब असतं, तीन फॅनचं ३०० च्या पुढे जातं. कॅबिनेटमध्ये स्लॉटपासून पुढच्या फॅनपर्यंत टेप लावून बघा.

पायरी ३: भाव कुठून येतो

परदेशात जाहीर होणारी किंमत डॉलरमध्ये आणि कर वगळून असते. आपल्याकडे ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणून डॉलरची किंमत गुणिले डॉलरचा दर गुणिले १.१८ हा पाया धरायचा. आरटीएक्स ५०६० ची जाहीर किंमत २९९ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर २६,३१२, आणि कर लावून ३१,०४८. (दर रोज हलतो, घ्यायच्या दिवशीचा घाला.) त्यावर वाहतूक, वितरक आणि दुकानदाराचं पाच-दहा टक्के धरा. म्हणजे ३१ ते ३४ हजारांत सांगितलं तर भाव रास्त. ३८ सांगितलं तर एक तर ते तीन फॅनचं, लाइटवालं मॉडेल आहे, नाहीतर मालाची टंचाई आहे. लाइटचे पैसे देऊ नका, असं आमचं स्पष्ट मत. चिप तीच असते, आणि दोन फॅनच्या साध्या मॉडेलपेक्षा फरक दोन-चार टक्क्यांचा.

भाव या पायापासून फार लांब का जातो, तेही समजून घ्या. २०२१ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे कार्डावर गणितं सोडवून ते चलन कमावण्यासाठी, कार्डं उचलली जात होती आणि चिपचाही तुटवडा होता. ३२९ डॉलरचं ३०६० आपल्याकडे दीडपट-दुपटीला विकलं गेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंगची पद्धतच सोडली आणि जुन्या कार्डांचा बाजारात पूर आला. २०२५ च्या शेवटापासून गाडी पुन्हा उलटी फिरली. आता एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी चिपची ओढ आहे, आणि ग्राफिक्स कार्डात मेमरी चिप असतेच. अशा काळात १६ जीबीची मॉडेलं आधी महागतात.

नावांच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. एकाच नावाखाली वेगळा माल असतो. जीटीएक्स १०६० चं ३ जीबीचं मॉडेल हे ६ जीबीच्या मॉडेलपेक्षा कमी कोअरचं (चिपमधल्या गणित करणाऱ्या भागांचं) आहे, नुसती मेमरी कमी नाही. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी आणि ८ जीबी ही दोन वेगळी कार्डंच समजा. ३०६० चं १२ जीबी १९२ बिटचं, ८ जीबी १२८ बिटचं (बिट म्हणजे चिप आणि मेमरीमधल्या रस्त्याची रुंदी). आरएक्स ५८० च्या नावावर २०४८ कोअरचा माल येतो, मूळ कार्ड २३०४ कोअरचं. याउलट आरएक्स ९०६० एक्सटीच्या ८ आणि १६ जीबीत फरक फक्त मेमरीचा, जाहीर किंमत २९९ आणि ३४९ डॉलर. तिथं ५० डॉलर जास्त देणं पटतं. तीस हजार मोजून २०२६ नंतरही ८ जीबीच घ्यायची असेल, तर टेक्श्चर कमी करायची तयारी ठेवा.

जुन्या मदरबोर्डवाल्यांनी आणखी एक बघायचं. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, ५०६० ही कार्डं स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) वापरतात. बोर्ड पीसीआयई ३ चा (स्लॉटच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा) असेल, म्हणजे इंटेलची १०वी पिढी किंवा त्याआधीचा, तर थोडा फटका बसतो. कार्डाची मेमरी भरली की तो चांगलाच जाणवतो. आरएक्स ६५०० एक्सटी तर चार लेनचं, आणि त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही. जुन्या बोर्डात ते घेऊ नका. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं, पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो. बायोसमध्ये ती सोय नसेल तर तो विषय सोडा.

पायरी ४: परवडतं का, ते कागदावर मांडा

समजा आज तुमच्या गेमला ४५ फ्रेम मिळतात आणि जुनं कार्ड ६,००० ला जाईल. पहिलं कार्ड २८,००० चं, ८० फ्रेम देतं. दुसरं ३६,००० चं, ९५ देतं. जुन्याचे पैसे वजा केले की पहिल्याला २२,००० घालून ३५ फ्रेम वाढतात, म्हणजे वाढीव फ्रेमला ६२९ रुपये. दुसऱ्याला ३०,००० घालून ५०, म्हणजे ६०० रुपये. महागडं कार्ड स्वस्त पडलं!

पण तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा असला तर? ७५ च्या वरच्या फ्रेम तो दाखवणारच नाही. दोन्ही कार्डांची कामाची वाढ ३० च. पहिलं ७३३ ला पडलं, दुसरं १,००० ला. म्हणून फ्रेमचा हिशोब मॉनिटरच्या हर्ट्झच्या आकड्यावर थांबवायचा. फ्रेमचे आकडे तुमच्याच गेमचे, तुमच्याच रिझोल्यूशनचे घ्या. कंपनीच्या तक्त्यात ते फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम अंदाजानं बनवून घालणं) लावून फुगवलेले असतात.

दुसरा हिशोब महिन्याचा. २८,००० चं कार्ड चार वर्षं वापरून ९,००० ला विकलं, तर १९,००० भागिले ४८, म्हणजे महिन्याला ३९६ रुपये. विजेचा फरक बघायचा तर ५५ वॉटचा फरक, रोज चार तास, महिन्याला ६.६ युनिट. तेवढ्यासाठी कुणी कार्ड बदलू नये.

आमचा ठोकताळा असा: घातलेल्या पैशांत आजच्या किमान दीडपट फ्रेम मिळत नसतील तर थांबा. ४५ च्या ५५ झाल्या तर आठ दिवसांत सवय होते आणि पैसे गेल्याचं तेवढं लक्षात राहतं.

थांबायचं किती? नवी मालिका आली की आधी लाखाच्या आसपासची आणि वरची कार्डं येतात, आपल्या खिशातलं मागून येतं. ३०८० सप्टेंबर २०२० ला आलं, ३०६० फेब्रुवारी २०२१ ला. ४०९० ऑक्टोबर २०२२ ला, ४०६० जून २०२३ ला. ५०९० जानेवारी २०२५ ला, ५०६० मे महिन्यात. म्हणजे पहिलं मोठं कार्ड आल्यावर चार ते आठ महिने. घोषणेच्या आसपास जुन्या मालिकेचा उरलेला माल उतरतो, तेव्हा घ्यायला हरकत नाही. दसरा-दिवाळीला भाव थोडा खाली येतो, पण 'सूट' कशावर दिलीय ते वरच्या पायाशी ताडून बघा. आधी चढवून मग उतरवलेला भाव ओळखू येतो.

न थांबण्याचं एक कारण खरं आहे. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेसाठी एनव्हिडियाचे नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. १०६० वर जुने गेम चालतच राहतील, पण नव्या गेममध्ये काही बिघडलं तर दुरुस्ती येणार नाही. अशा कार्डाला विकताना मिळणारी किंमतही आता उतरतीच असणार.

पायरी ५: जुनं कार्ड घेताना

वॉरंटी संपलेल्या कार्डाला, त्याच ताकदीच्या नव्या कार्डाच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. वॉरंटी बिलासकट शिल्लक असेल तर दोन तृतीयांशापर्यंत जा. आणि चालू पीसीत लावून दाखवल्याशिवाय पैसे नाहीत.

आधी हातात घेऊन टॉर्चनं बघा. सांगलीत इतरत्र नसलेली एक तपासणी लागते: पुराची. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी ज्या घरा-दुकानांत शिरलं, तिथले पीसी पुसून-वाळवून विकले गेलेले असू शकतात. पोर्टच्या पत्र्याला गंज, एचडीएमआय पोर्टच्या आतल्या कोपऱ्यात सुकलेला गाळ, हीटसिंकच्या पट्ट्यांच्या मुळाशी चॉकलेटी थर, बोर्डावरच्या बारीक पायांना हिरवट-पांढरा बुरशीसारखा क्षार. यातलं एकही दिसलं तर कार्ड खाली ठेवा. असं कार्ड आज चालतं, पण क्षार आतून पाय खात राहतो. बाकी स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर उघडलेलं आहे. चिपभोवती चिकट पिवळा फ्लक्स (सोल्डरिंगचा लेप) दिसला तर हॉट एअर (सोल्डर वितळवणारी गरम हवा) मारून जगवलेलं आहे, ते फार दिवस टिकत नाही. मायनिंगचं कार्ड मात्र तेवढ्यावरून नाकारू नका. फॅन आणि थर्मल पॅड बदललेले असतील तर चिप सहसा ठीक असते.

मग पीसीत लावा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून कोअर आणि बिटचे आकडे मूळ मॉडेलशी जुळवा. बनावट बायोस घातलेलं कार्ड इथं उघडं पडतं. कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके, रेघा, चौकोन येता कामा नयेत. ओसीसीटी या सॉफ्टवेअरनं मेमरीची चाचणी घ्या, त्यात एकही चूक चालत नाही. शेवटी प्रत्येक पोर्टला केबल लावून बघा. मेलेलं डिस्प्लेपोर्ट घरी गेल्यावर सापडतं.

पायरी ६: बिल, आणि बसवणं

'बिगरबिल घेतलं तर कमी करतो' असं काउंटरवर ऐकू आलं तर नको म्हणा. वॉरंटी सिरियल नंबरवर असली तरी क्लेमला बिल मागतात. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्याशी नव्हे, कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरशी जुळवा. जीएसटी नंबर असलेल्या स्टुडिओवाल्यानं तर बिल सोडूच नये: ३१,००० मधले ४,७२९ कराचे आहेत, त्याचं क्रेडिट मिळतं. ऑनलाइन मागवलं तर कुरिअरचं लेबल दिसेल असा, न थांबवता, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा.

बसवण्याआधी डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) हे सॉफ्टवेअर वापरून जुना ड्रायव्हर काढा, विशेषतः एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट जात असाल तर. पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबूनच जुनं कार्ड ओढा, ती तुटली की दुखणं होतं. नवं कार्ड 'टक्' आवाज येईपर्यंत सरळ दाबा. प्रोसेसरची ४+४ पिन केबल आणि कार्डाची ६+२ सारख्या दिसतात. जोर लावावा लागला तर केबल चुकलीय. नवी १६-पिन केबल असेल तर फट दिसणार नाही इतकी आत गेली पाहिजे. २०२२ ला ४०९० ची टोकं वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्यामागचं एक मोठं कारण ती अर्धवट बसणं हे होतं.

नंतर त्याच गेममध्ये, त्याच जागी, पहिल्या पायरीतले आकडे पुन्हा घ्या. आता जीपीयूचा वापर ९५ च्या खाली आला आणि प्रोसेसर वर गेला, तर यापुढचा खर्च प्रोसेसरवर करायचा आहे हे कळलं. जुनं कार्ड लगेच विकू नका. पंधरा दिवस पिशवीत घालून ठेवा. नव्यात काही निघालं आणि ते वॉरंटीसाठी पाठवावं लागलं, तर तोवर पीसी त्यावरच चालवायचा असतो.